मोआबचा लाल कातळ आणि चार सायकली: सहलीच्या कामाच्या नोंदी

१० ऑगस्ट २०२४

जागा पक्की: मोआब, यूटा. डेन्व्हरहून साधारण ३५५ मैल, थांबे धरून सात तास. माणसं पाच: दोघं मोठे, थोरला १३, धाकटी ९ आणि आजी. सायकली चार, आजी चालणार. बेत दोनच गोष्टींवर बेतायचा: धाकटीची सायकल आणि आजींचे गुडघे. बाकी तिघांचं त्यात बसतं.

तारखा ५ ते १० ऑक्टोबर. जुलैत तिथे दुपारी ३७-३८ अंश असतं आणि पायवाटांवर सावली जवळपास नाही. ऑक्टोबरात दिवसा सरासरी २३ आणि रात्री ५ च्या आसपास. महिन्याचा तिसरा आठवडा मात्र टाळायचा, यूटातल्या शाळांना तेव्हा सुट्टी असते आणि गाव भरून जातं.

आर्चेस राष्ट्रीय उद्यानात यंदा (२०२४) १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर, सकाळी ७ ते दुपारी ४ या वेळेत आत जायला आधी काढलेलं वेळेचं तिकीट लागतं, दोन डॉलरचं. ऑक्टोबरची तिकिटं जुलैतच खुली झाली, आता सकाळचे तास संपलेत. थोडी तिकिटं आदल्या संध्याकाळी सुटतात, पण त्यावर पाच जणांचा दिवस टांगून ठेवण्यात अर्थ नाही. सातच्या आत किंवा चारनंतर गेलं तर तिकीटच लागत नाही, आणि उजेडाच्या दृष्टीने त्याच दोन वेळा चांगल्या. म्हणून एकदा पहाटे, एकदा संध्याकाळी.

धाकटी चौथीत आहे. चौथीच्या मुलांना वर्षभराचा केंद्रीय उद्यानांचा पास फुकट मिळतो आणि त्यात गाडीतले सगळे आत जातात. पास १ सप्टेंबरपासून चालू होतो. २०२४ च्या नियमाप्रमाणे तो कागदावर छापून न्यावा लागतो, फोनवरचा फोटो चालत नाही. डेड हॉर्स पॉइंट हे राज्याचं उद्यान, तिथे हा पास लागू नाही. गाडीमागे यंदा (२०२४) २० डॉलर वेगळे.

२५ ऑगस्ट

वाटा निवडल्या. आधी बाद केलेल्या:

स्लिकरॉक ट्रेल बाद. मोआबचं नाव निघालं की सगळे आधी हीच वाट सांगतात, पण ती १९६९ साली मोटारसायकलींसाठी आखलेली आहे. चढ इतके उभे की पुढचं चाक उचललं जातं आणि दहा-साडेदहा मैलांत सपाटी अशी नाहीच. सरावाचा सव्वादोन मैलांचा फेरा आहे म्हणून मुलांना नेणारे लोक फसतात. तो अंतराने छोटा आहे, अवघडपणाने नाही.

पोर्क्युपाइन रिम बाद, ती मुरलेल्यांची अवघड वाट.

ठेवलेल्या: पहिल्या दिवशी गावाच्या उत्तरेचा मोआब ब्रँड्स हा वाटांचा गट. तिथल्या वाटांची नावं गुरांना डागायच्या खुणांवरून ठेवलेली आहेत. रस्टी स्पर हा १.६ मैलांचा फेरा, बार एम ८ मैलांचा. दुसऱ्या दिवशी डेड हॉर्स पॉइंटच्या इंट्रेपिड वाटा. त्या एकात एक गुंफलेल्या आहेत: १.१ मैल, ४.२ मैल, ९ मैल. कुटुंबासाठी हीच रचना उत्तम. जो दमला तो लहान फेऱ्यातून परत येतो, बाकीचे पुढे जातात, आणि कुणाला एकटं सोडावं लागत नाही.

आर्चेस राष्ट्रीय उद्यानात पायवाटांवर सायकल चालत नाही, फक्त गाडीरस्त्यावर. त्यामुळे तिथे सायकली उतरवायच्याच नाहीत.

७ सप्टेंबर

धाकटीची सायकल, २४ इंची. दोन दोष.

पहिला, ब्रेकची मूठ लांब. तिला चारही बोटं ताणून धरावी लागत होती, म्हणजे उतारावर हँडल धरायला उरतो फक्त अंगठा. मुठीच्या आतल्या बाजूला २ मिमीच्या ॲलन किल्लीचा छोटा स्क्रू असतो. तो फिरवून मूठ जवळ घेतली, तर्जनीचं पहिलं पेर सहज बसेल इतकी. मग ब्रेकचा जोडच थोडा आतल्या बाजूला सरकवला, म्हणजे बोट मुठीच्या टोकावर येतं आणि जोर कमी लागतो. हे काम दहा मिनिटांचं, पण अख्ख्या सहलीत याहून मोलाचं दुसरं नाही.

दुसरा, सीटचा दांडा. तिच्या सायकलला बटणावर वरखाली होणारा दांडा नाही. दांड्यावर चिकटपट्टीच्या दोन खुणा केल्या: वरची चढासाठी, खालची उतारासाठी, त्यांत ६ सेंटीमीटरचं अंतर. झटपट आवळायची कळ लावली. दर उताराआधी थांबून सीट खाली घ्यायची. कंटाळवाणं आहे, पण उंच सीटवरून पायरी उतरताना मूल पुढे फेकलं जातं.

१४ सप्टेंबर

टायर. तिकडच्या रस्त्याकडेला आणि पार्किंगच्या कडांना पसरणारं काटेरी फळ म्हणजे आपल्याकडचा सराटाच, देशावरच्या माळावर चपलेतून टोचतो तोच. कसाही पडला तरी एक काटा वर. साधी ट्यूब त्याच्यापुढे टिकत नाही.

मोठ्या तीन सायकली ट्यूबलेस. मागच्या वसंतात घातलेलं सीलंट (भोक आतून आपोआप बुजवणारं पातळ द्रव) तपासलं तर दोन टायरांत ते वाळून बोराएवढा रबरी गोळा होऊन आत खुळखुळत होतं. कोरड्या हवेत तीन-चार महिन्यांत असं होतं आणि बाहेरून काही कळत नाही, टायर टणकच लागतो. टायर एका बाजूने उघडून गोळे काढले, २९×२.४ च्या टायरला प्रत्येकी ११० मिली नवीन घातलं. वॉल्वची आतली सुई सीलंटने चिकटली होती, ती बदलली. ती चिकटली की पंप लावून हवा जात नाही आणि माणूस पंपाला दोष देतो.

धाकटीच्या चाकांत ट्यूबच आहेत. वॉल्वची सुई काढून प्रत्येक ट्यूबमध्ये ६० मिली सीलंट सोडलं. सराट्याच्या भोकाला पुरतं, मोठ्या चिरेला नाही. म्हणून दोन ट्यूब जादा.

हवेचे आकडे, पुढे/मागे, पीएसआयमध्ये:
७८ किलो: २२/२५
६० किलो: १९/२२
४८ किलो (थोरला): १८/२०
२८ किलो (धाकटी, ट्यूबसह): १६/१८

धाकटीला याहून कमी चाललं असतं, पण ट्यूब असताना फार कमी हवा ठेवली तर दगडाच्या धारेवर ट्यूब रिममध्ये चेपून शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात, आणि तिथे सीलंट हरतं.

२२ सप्टेंबर

पूर्ण सामानासह सराव, दोन तास, २९ अंश. पाणी मोजलं: मोठ्यांचं प्रत्येकी १.३ लिटर, थोरल्याचं १ लिटर, धाकटीचं अर्धा. म्हणजे धाकटी पाणी पीतच नाही. नळी पाठीवर असली की मुलांना तिची आठवण राहत नाही. उपाय: दर वीस मिनिटांना सगळ्यांनी थांबून पाच घोट. आग्रह नाही, नियम.

पाठीवरच्या पिशवीत फक्त साधं पाणी. सरबत भरलं की नळीत बुरशी धरते आणि वास जात नाही. सरबत बाटलीत: एक लिटर पाण्याला एका लिंबाचा रस, ३ मोठे चमचे साखर, पाव छोटा चमचा मीठ. सहल नवरात्रात येते, आजींचा उपास आहे, त्यांच्या बाटलीत सैंधव. उपासाच्या दिवसांत वाळवंटात मीठ आणि पाणी कमी पडू देता येत नाही. राजगिऱ्याचे लाडू आणि खारे शेंगदाणे त्यांच्या खिशात वेगळे.

दिवसाचा हिशेब: मोठ्यांना ४ लिटर, मुलांना ३, आजींना ३. एकूण १७. १९ लिटरचे दोन कॅन गाडीत, रोज रात्री मुक्कामी भरायचे. वाटांच्या सुरुवातीला संडास आहेत, नळ नाहीत.

३ ऑक्टोबर

रॅक. चार सायकली मिळून ५४ किलो, रॅक २९ किलो. गाडीमागच्या सव्वा इंची जोडावर एवढ्याची जोखीम नको, दोन इंचीच हवा. सगळ्यात जड सायकल गाडीच्या बाजूला, धाकटीची सर्वांत बाहेर. एक गोष्ट जवळून बघितली पाहिजे: गाडी चालू करून सायलेन्सरच्या तोंडासमोर हात धरायचा, हातभर लांबून. वाफ जिथे लागते तिथे कुणाचं चाक येतंय का? आपल्याकडे थोरल्याचं मागचं चाक येत होतं. सात तास गरम धूर लागला तर टायरची कड मऊ पडून फुगते. सायकल उलट्या तोंडाने लावली.

हत्यारं: पंप आणि दाबमापक, ॲलन किल्ल्या, साखळी तोडायचं अवजार, दोन झटपट जोडकड्या, ट्यूबलेस भोकात घालायच्या रबरी वाती, प्रत्येक सायकलचा गिअरचा आकडा (मागच्या गिअरला फ्रेमशी जोडणारा मऊ ॲल्युमिनियमचा तुकडा, सायकल उजव्या कुशीवर पडली की हाच वाकतो, आणि दर मॉडेलचा वेगळा असल्याने आयत्या वेळी दुकानात मिळेल याचा भरवसा नाही), ब्रेकपॅडचे दोन जोड, कोरडं मेणाचं वंगण. तेलकट वंगण नको. तिथली वाळू तेलात बसून पॉलिश पेपरचं काम करते.

प्रथमोपचारात चिमटा आणि चिकटपट्टी. निवडुंगाचे मोठे काटे चिमट्याने निघतात, बारीक केसांसारखे चिकटपट्टीने.

नकाशे फोनवर उतरवून घेतले. वाटांवर रेंज धरून चालायचं नाही.

५ ऑक्टोबर

प्रवास. आय-७० वर आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर, तिथे वाऱ्यात रॅक हलतो. पहिल्या ५० मैलांवर थांबून रॅकचे बोल्ट आणि पट्टे पुन्हा आवळले. एक पट्टा दोन दात सैल झाला होता. फ्रुटाला टाकी भरली, पुढे पंप विरळ. क्रिसेंट जंक्शनला १८२ क्रमांकाच्या फाट्यावरून १९१ महामार्गाने दक्षिणेला ३० मैल.

मोआब ४,००० फुटांवर, म्हणजे घरापेक्षा खाली. धाप लागायची भीती नाही. कोरडेपणा मात्र पहिल्याच रात्री ओठांवर कळतो.

६ ऑक्टोबर, मोआब ब्रँड्स

सकाळी ८ ला सुरुवात, तापमान ११ अंश. हवा वाटेच्या तोंडाशीच मोजली. पहाटे थंडीत २२ भरलेली हवा दुपारी ऊन आणि तापलेला कातळ मिळून अडीच-तीन पीएसआयने वाढते, आणि मग तेच चाक दगडांवर उड्या मारायला लागतं. साडेदहाला पुन्हा मोजली: २४.५. दोन सोडले.

आधी रस्टी स्पर दोनदा. पहिल्या फेरीत धाकटी दोन्ही ब्रेक धरून खडखडत उतरली. दुसऱ्या फेरीत तिला एकच काम दिलं: पेडल आडवी, सारख्या उंचीवर. बाकी शिकवणं बंद. एका फेरीला एक सूचना, याहून जास्त मुलांच्या डोक्यात राहत नाही.

मग बार एम. बराचसा भाग जुना गाडीरस्ता, मध्ये कातळाचे पट्टे आणि वाळूचे खड्डे. इथे पडायचं कारण चढ नाही, वाळू आहे. वाळू दिसली की माणूस घाबरून ब्रेक लावतो आणि हँडल वळवतो. पुढचं चाक रुततं आणि तो हँडलवरून पुढे जातो. करायचं उलट: वाळूच्या आधीच हलका गिअर, बूड मागे, हात ढिले, नजर पलीकडच्या टोकाला, आणि पेडल थांबवायचं नाही. चाक डावी-उजवीकडे पोहतं, पोहू द्यायचं. थोरला तिसऱ्या खड्ड्यात जमला, धाकटी उतरून ढकलत गेली. तेही बरोबरच आहे.

सायकल ढकलताना वाटेवरूनच. बाजूला जी काळपट, खरबरीत, खपलीसारखी माती दिसते ती जिवंत आहे, सूक्ष्म निळ्या-हिरव्या शैवालाने वाळू बांधून धरलेली. एक पाऊल पडलं तर ती भरून यायला दशकं लागतात. मुलांना ‘काळ्या मातीवर पाय नाही’ एवढं पुरलं.

आजी तेवढ्या वेळात पार्किंगजवळच्या डांबरी सायकलमार्गावर मैलभर चालून आल्या. हा मार्ग गावापासून महामार्गालगत इथवर येतो आणि पुढे ३१३ क्रमांकाच्या रस्त्याच्या फाट्यापर्यंत जातो. ज्यांना मातीत उतरायचंच नाही त्यांनी फाट्यावरून गावाकडे उतारावर यावं, दुसऱ्याने गाडी खाली आणावी.

एकूण ११ मैल, पावणेतीन तास. पंक्चर शून्य. सराटे दोन, दोन्ही पार्किंगच्या गवतात सायकली आडव्या टाकल्यामुळे. काटा उपसून भोक खाली येईल असं चाक फिरवलं, फेस आला, थांबला.

७ ऑक्टोबर, डेड हॉर्स पॉइंट

गावापासून ३२ मैल, पाऊण तास. उंची ५,९०० फूट. कोलोरॅडो नदी २,००० फूट खाली. वर गावापेक्षा चार-पाच अंश गार, म्हणून दुसऱ्या दिवसाला योग्य. या कड्यावर पाणी टँकरने आणतात, ते भरवशाचं धरायचं नाही.

१.१ मैलांचा इंट्रेपिड फेरा सगळ्यांनी. मग ग्रेट पिरॅमिड, ४.२ मैल. माती घट्ट, कातळाचे तुकडे छोटे, वळणं मोकळी. ब्रँड्सपेक्षा इथे धाकटी दुप्पट वेगात. एकच गंभीर गोष्ट: दरीच्या टोकाशी कठडा नाही. वाटेपासून टोक काही ठिकाणी दूर आहे, काही ठिकाणी नाही. जिथे वाट फुटून बघायच्या जागेकडे जाते तिथे सायकली वाटेवर आडव्या ठेवायच्या आणि पायी जायचं, अपवाद नाही. खाली भडक निळे चौकोन दिसतात ती पोटॅशची मिठागरं. पाणी लवकर आटावं म्हणून त्यात निळा रंग टाकतात.

बिघाड इथे झाला. थोरल्याच्या मागच्या ब्रेकमधून पिसाळलेल्या कोंबड्यासारखा आवाज. पॅड झिजलेलं नव्हतं. वाळूची भुकटी पॅडवर काचेसारखी बसली होती. चाक काढलं, पॅड काढून सपाट कातळावर आठाच्या आकारात वीसेक वेळा घासले, डिस्क स्वच्छ फडक्याने पुसली. आवाज गेला. डिस्कला बोट लावायचं नाही, बोटावर सनस्क्रीन असतं. मुलांची बोटं तर त्यात बुडालेलीच.

थोरला आणि एक मोठा मिळून पुढे बिग चीफला गेले, ९ मैल, पावणेदोन तास. बाकीचे परत. आजींसाठी टोकाकडचा फरसबंद भाग.

८ ऑक्टोबर

सायकलींना सुट्टी. मुलांची बुडं दुखतात, हे तिसऱ्या दिवशी ठरलेलंच.

सकाळी ग्रँडस्टाफ कॅन्यन, १२८ महामार्गावर गावापासून तीन मैल. जाऊन-येऊन साडेचार मैल, पण कुठूनही परत फिरता येतं, झाडी आहे आणि ओढा सात-आठ वेळा ओलांडावा लागतो. आजी तिसऱ्या ओलांडणीवरून परतल्या. शेवटी २४३ फुटांचा नैसर्गिक पूल. त्याच्या पायाशी पॉयझन आयव्ही (अंगाला लागली की खाज आणि पुरळ आणणारी वनस्पती) माजलेली असते: एका देठाला तीन पानं, मधल्याला लांब दांडी. मुलांना लांब पँट. ओल्या बुटांसाठी जादा मोजे. पायाला फोड वाळूने नाही, ओल्या वाळूने येतात.

संध्याकाळी ४:०५ ला आर्चेसच्या फाटकातून आत. डेलिकेट आर्च: तीन मैल जाऊन-येऊन, ४८० फूट चढ, सावली शून्य. पहिला अर्धा मैल रुंद पायवाट, मग एक अखंड कातळाचा उतार अंगावर येतो. इथे वाट अशी नाही, दगडांच्या लगोऱ्या बघत जायचं. सह्याद्रीतला कातळ ओला झाला की जीव घेतो. हा वाळूचा दगड कोरडा असताना रबराला चिकटतो. त्याला निसरडा दगड म्हणतात ते घोड्यांच्या लोखंडी नालांमुळे. शेवटचे २०० यार्ड कड्याला कोरलेल्या पट्टीवरून, मुलं आतल्या बाजूला.

आजी एका मोठ्याबरोबर मैलभर पुढच्या पार्किंगला. तिथल्या खालच्या ठिकाणापर्यंत शंभर यार्ड चालणं, कमान लांबून पण स्पष्ट दिसते. दोन गट, एकच गाडी, रेंजचा भरवसा नाही: म्हणून आधीच ठरवलं, ७:५० ला डेलिकेट आर्चची वाट सुरू होते त्या वुल्फ रँचच्या पार्किंगला.

सूर्यास्त साधारण ६:५०. कमानीखालची मोकळी जागा ४६ फूट उंच, फोटोसाठी रांग लागते. खरा प्रश्न उतरताना: सूर्य गेल्यावर पंचवीस मिनिटांत लगोऱ्या दिसेनाशा होतात आणि उतारावर लोक भलतीकडे भरकटतात. डोक्याला दिवे प्रत्येकाला, मुलांनाही स्वतःचे. फोनच्या दिव्याने एक हात अडकतो. पार्किंगला ७:४०.

९ ऑक्टोबर

६:३५ ला फाटक. डेव्हिल्स गार्डनपासून लँडस्केप आर्च, १.९ मैल जाऊन-येऊन, वाट दाबून टणक केलेली, आजींना पूर्ण जमली. ३०६ फुटांची कमान आणि मध्यावर अगदी बारीक. १९९१ मध्ये तिच्या खालच्या अंगाचा मोठा पापुद्रा कोसळला, तेव्हापासून खालून जायची वाट बंद आहे. सव्वाआठला पार्किंग भरत आलं होतं, आपण निघत होतो. दुपारी काही नाही.

१० ऑक्टोबर

परत. निघण्याआधी सायकली कोरड्या ब्रशने झाडल्या. जोरदार पाण्याचा फवारा नको, तो वाळू बेअरिंगच्या आत ढकलतो.

१२ ऑक्टोबर, दसरा

पूजेसाठी सायकली तशाही धुवायच्याच होत्या. उघडून पाहिलेलं: थोरल्याचे मागचे पॅड पाठीच्या पत्र्यासकट ३ मिमीच्या खाली, बदलले. तीन साखळ्या मापात, चौथी, एका मोठ्याची, झिजून ०.५ टक्के लांबलेली, ती उतरवली. हँडलच्या वरच्या बेअरिंगमध्ये चिमूटभर लाल वाळू, चारही सायकलींत. पुसून ग्रीस. धाकटीच्या मागच्या टायरमध्ये सराट्याचं एक टोक मोडून राहिलेलं, आत सीलंटने धरलेलं. ते न उपसता तसंच ठेवलं. टायर बदलताना निघेल.

झेंडूची माळ हँडलला, चाकाला नाही. मागच्या वर्षी चाकाला घातलेला दोरा गिअरच्या लहान चाकात जाऊन बसला होता.